तुमच्यासमोरच करते ती

"ताई, तुम्ही जरा बाहेर थांबता का? तुम्ही असलात की ही फार करते."

भिंगरीची नखं कापायला गेले होते तेव्हाची गोष्ट. दवाखान्यातल्या मदतनीस मुलाच्या बोलण्यात टोमणा नव्हता, दिवसभर कुत्री हाताळणाऱ्या माणसाचा तो साधा अनुभव होता. मी बाहेर आले. दाराच्या वरच्या भागाला काच होती, तिच्यातून आतलं दिसत होतं. घरी ड्रॉवरमधून नुसतं नेलकटर काढलं तरी पलंगाखाली शिरून कोकलणारी माझी कुत्री स्टीलच्या टेबलावर चारही पाय रोवून उभी होती. त्याने पंजा उचलला, तिने उचलू दिला. दुसरा उचलला, तोही दिला. हूं नाही की चूं नाही. थोड्या वेळात काम उरकलं आणि तो दार उघडून कौतुकाने म्हणाला, "बघा, किती शहाणी आहे! तुमच्यासमोरच करते ती सगळं." पैसे दिले, रिक्षा केली. ठाण्याच्या पोखरण रोडला सिग्नल लागला तेव्हा भिंगरीने माझ्या मांडीवर डोकं टाकलं आणि एवढा मोठा सुस्कारा सोडला की रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं.

ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

त्यात कौतुक होतं आणि तरी ते लागलं. हिला दोन्ही वेळ फिरवायचं मी, तापात हिच्या उशाशी बसायचं मी, पावसातून आली की कानांच्या आतपर्यंत टॉवेल फिरवायचा मी, आणि हिचं शहाणपण मात्र बघायला मिळणार दुसऱ्याला. लाड जास्त झाले असतील, असं घरातही कुणी ना कुणी म्हणतंच. आणि आणखी एक गोष्ट टोचत होती. "तुमच्यासमोरच करते ती" हे असंच काहीतरी मी आधी ऐकलेलं होतं. कुठे, ते तेव्हा आठवत नव्हतं.

मग मी तिच्याकडे नीट बघायला लागले. रविवारी सकाळी चेंदणी कोळीवाड्यातल्या मावशी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाटी उतरवतात. भिंगरी त्यांच्यापासून दोन हातांवर बसते. पुढचे पाय जोडलेले, शेपटी मागे सरळ, नजर सुरमईवर. मावशी तुकड्या पाडतात, खवले उडून हिच्या नाकावर येऊन चिकटतात, तरी ही हलत नाही. त्यांनी स्वतःहून एखादं शेपूट टाकलं तर घेते, नाही टाकलं तर तशीच बसून राहते. तीच भिंगरी, तीच सुरमई तासाभराने माझ्या ताटात आली की आधी कोपराला नाक लावते, मग पंजा मांडीवर ठेवते, मग घशातून एक बारीक तक्रारीचा सूर काढते आणि मी अगदीच लक्ष दिलं नाही तर एकदाच, मोठ्याने, माझ्या तोंडावर भुंकते. सासूबाई कुत्र्याला हात लावत नाहीत. पण त्या हॉलमध्ये येतात तेव्हा ही न सांगता सोफ्यावरून उतरते. मी आले की उतरत नाहीच, वर पाय ताणून माझी बसायची जागासुद्धा अडवते. गेटवरच्या वॉचमन काकांच्या मते ही जन्मजात राखणदार. त्यांच्या खुर्चीशेजारी ताठ बसून ती येणारी-जाणारी माणसं न्याहाळते. घरी कुकरच्या शिट्टीला दचकते.

यातली खरी कुठली? सगळ्याच, हे उत्तर सोपं आहे. पण मावशींना जी दिसते ती मला कधीच का दिसत नाही आणि मला जी दिसते ती त्यांना का नाही, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

कुत्र्यांच्या या वागण्याचा अभ्यास झालेला आहे आणि तो मला अगदी आपल्या घरातला वाटला. १९९८ साली बुडापेस्टच्या विद्यापीठात योझेफ तोपाल, आडाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१ कुत्री आणि त्यांचे मालक घेऊन एक प्रयोग केला. मुळात तो मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्ष-दीड वर्षाच्या मुलांसाठी बेतलेला. एक अनोळखी खोली, त्यात आई, मग एक परकी बाई येते, मग आई बाहेर जाते, परत येते. एवढं सगळं होत असताना मूल काय करतं ते बघायचं. तोपाल-मिक्लोशींनी मुलाच्या जागी कुत्रा आणि आईच्या जागी मालक ठेवला. मालक खोलीत असला की कुत्री हुंगत फिरायची, खेळायची. तो बाहेर गेला की बरीचशी दाराशी जाऊन उभी राहायची. परका माणूस समोर असला तरी खेळात मन रमायचं नाही. मालक आला की आधी त्याला गाठायचं, अंगाला अंग लावायचं आणि मग पुन्हा खोलीभर फिरायला मोकळं. २०१३ मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी ते आणखी पुढे नेलं. त्यांनी कुत्र्यांना एक खेळणं दिलं, खटपट केली तर त्यातून खाऊ मिळणार. मालक खोलीत असेल तर कुत्री जास्त वेळ चिकाटीने खटपट करत. मालकाने काही बोलायचीही गरज नव्हती. त्याच्या जागी अनोळखी माणूस बसवून मात्र तसं घडलं नाही.

हे वाचताना मला उपवन तलावाकाठच्या आमच्या सकाळी आठवल्या. येऊरच्या बाजूने वारा आला की भिंगरी एखाद्या ठिकाणी थबकते, नाक वर करते. डोंगरात बिबटे आहेत, तिला काय वास येत असेल देव जाणे. मग ती मागे येते, माझ्या पोटरीला एकदा अंग घासते आणि पुन्हा त्याच झुडपात तोंड घालायला जाते. नुसतं घासून जाते, वर बघतसुद्धा नाही. आजवर ही मला तिची एक खोड वाटायची. नवऱ्याबरोबर फिरायला गेली की ती त्या झुडपापर्यंत जातच नाही, असं तो सांगतो. तो तिला फिरवतो ते शनिवारीच. त्याच्याबरोबर ती रस्त्याच्या मधून, एका चालीत, पट्टा ढिला ठेवून चालते. माझ्याबरोबर ओढते.

आजोळी, गुहागरच्या बाजूला, खंड्या नावाचा कुत्रा होता. तो घरात यायचा नाही. अंगणात, खळ्यात, माडांच्या बुंध्याशी असायचा आणि सगळ्या वाडीचा होता. पावसाळ्यात त्याच्या कानांत गोचड्या भरायच्या. आजोबा पडवीत पाटावर बसायचे, शेजारी रॉकेलची वाटी. खंड्या येऊन त्यांच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये मान द्यायचा. आजोबा कान उलटा करून चिमटीने एकेक गोचीड उपटत आणि वाटीत टाकत. करड्या, टपोऱ्या, वाटाण्याएवढ्या फुगलेल्या त्या गोचड्या रॉकेलच्या तळाला जाऊन पाय हलवत राहायच्या आणि मी किळस येऊनही नजर हलवायची नाही. प्रत्येक गोचडीला खंड्या केकाटायचा. अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं. मध्येच आजोबांचं मनगट दातांत धरायचा, पण दात रुतवायचा नाही. आणि पळूनही जायचा नाही. पुढे एकदा त्याला रानडुकराने फाडलं तेव्हा गुरांचा डॉक्टर आला. त्याने जखम धुतली, त्यात औषध ओतलं. खंड्या दगडासारखा उभा राहिला. शेपूट पोटाखाली, कान मागे, आवाज नाही. आम्ही मुलं म्हणालो, किती धीराचा! आजोबा म्हणाले, "धीर कसला. त्याच्याकडे रडून उपयोग नाही, हे कळतं त्याला."

दवाखान्यातली ती दुपार मी पुन्हा डोळ्यांपुढे आणली. नखं कापून झाल्यावर भिंगरीला टेबलावरून मीच उतरवून घेतलं होतं. ती जिथे उभी होती तिथे स्टीलवर चार ओले ठसे होते. पंज्यांचे, गादी आणि बोटं स्पष्ट उमटलेले, आणि भोवती थोडी वाफ धरल्यासारखी. कुत्र्यांना घाम येतो तो तळपायांना. बाहेर ऊन होतं, आत एसी होता. ती आत असताना काचेतून आणखीही काही दिसलं होतं. ओठांवरून सारखी फिरणारी जीभ, तोंड मिटताना आलेली एक अवेळी जांभई, डोळ्यांच्या कडेला दिसणारं पांढरं. तिला ज्याने शहाणी म्हटलं तो मुलगा खरंच मायेने हाताळत होता, त्याच्या हातात घाई नव्हती. तरीही ती श्वास धरून उभी होती, आणि तो श्वास तिने सोडला थेट पोखरण रोडच्या सिग्नलला.

त्याचं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही. माणसाचा ताण कुत्र्याला वासावरून ओळखता येतो, हे बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधनाने २०२२ मध्ये दाखवून दिलं. नखाच्या आतल्या नसेला कात्री लागेल या भीतीने माझे हात आधीच गार पडलेले असतात, आणि ते तिला माझ्याआधी कळत असणार. पण २०१७ साली ३३ कुत्र्यांवर झालेला एक अभ्यास मला जास्त जवळचा वाटतो. डॉक्टर तपासत असताना मालक नुसता बाजूला उभा राहिला तर एक, आणि तो कुत्र्याला हात लावून त्याच्याशी बोलत राहिला तर एक. बोलणाऱ्या, हात फिरवणाऱ्या मालकाजवळ कुत्र्यांच्या हृदयाचे ठोके कमी वाढले आणि टेबलावरून उडी मारायचे प्रयत्नही कमी झाले. त्यानंतर मी बाहेर थांबत नाही. तिच्या डोक्याकडे उभी राहते, हनुवटीखाली तळवा देते आणि काहीबाही बोलत राहते. भाजीत काय आणायचं, कुणाचं लग्न ठरलं, काहीही. ती केकाटते. वेळ जास्त लागतो. तो मुलगा थांबतो, हे त्याचे उपकार आहेत. टेबलावर ठसे अजूनही उमटतात, पण पुसट.

आणि मग एका रात्री भांडी आवरताना ते वाक्य कुठे ऐकलं होतं ते आठवलं.

बाबांची बायपास झाली तेव्हा ते हॉस्पिटलात होते. नर्स यायच्या आणि आईला सांगायच्या, "काका किती सहनशील आहेत हो! एक शब्द बोलत नाहीत." छातीवर एवढा टाका, खोकला आला की उशी छातीशी धरून डोळे मिटायचे, आणि तरी सुई टोचायला आलेल्या मुलीला म्हणायचे, "सावकाश, काही घाई नाही." चरईतल्या घरी आणलं त्या संध्याकाळी वरणात मीठ कमी म्हणून त्यांनी ताट सरकवलं. पंख्याचा आवाज येतो, चादर टोचते, औषध आत्ताच का, खिडकी कुणी उघडली. कुणी भेटायला आलं की पुन्हा हसतमुख, "छान आहे, एकदम छान." पाहुण्यांच्या मागे दार लागलं की, "अगं, दुखतंय फार." आई स्वयंपाकघरात येऊन माझ्याजवळ म्हणाली, "माझ्यासमोरच कसं गं सगळं दुखतं यांचं?" तिचा चेहरा ओढलेला होता. रात्ररात्र जागलेली बाई ती. मी काय बोलले ते आठवत नाही, बहुधा काहीच नाही. आता वाटतं की तेरा पाहुण्यांपुढे धरून ठेवलेलं दुखणं ते घरात फक्त एका माणसापुढे खाली ठेवत होते. पण ते उचलायला तीच होती, तिलाही कंबर होती, हेही तितकंच खरं. माहेरी आलेली मुलगी दुपारी बारापर्यंत लोळते, तेव्हा घर सुखावतं आणि त्याच घरात कुणीतरी तिच्यासाठी गरम पोळ्या करत उभंही असतं.

म्हणून घरच्यांपुढची प्रत्येक धुसफूस प्रेमाची म्हणून गोड मानावी, असं मी म्हणणार नाही. उलट बाजूही मी रोज बघते. आमच्या बी विंगमध्ये एक लॅब्रॅडॉर आहे. मालक अभिमानाने सांगतात की एका शब्दावर बसतो. बसतो, हे खरं आहे. ते लिफ्टमध्ये शिरले की तो कोपऱ्याला टेकतो आणि तोंड भिंतीकडे करतो. दुपारी त्यांच्या कामवाल्या बाई त्याला खाली आणतात. तेव्हा तोच कुत्रा पार्किंगच्या खांबांमधून धावतो, बाईंची पिशवी पळवतो, त्यांच्या साडीचा काठ तोंडात धरून ओढतो. त्या रागावतात, तो आणखी ओढतो. कागदावर मालक कोण, ते महापालिकेच्या परवान्यावर असेल. त्याने कुणाला मानलंय, ते त्या काठावर दिसतं. मला त्या कुत्र्याचं वाईट वाटतं, आणि दुपारच्या त्या तासाभराचं फार बरं वाटतं.

पाहुणे आले की भिंगरी मला विचारत नाही. हेही आधी मनाला लागायचं. दिवाळीत माणसं आली की ही एकेकाच्या पायाशी जाऊन लोळण घेणार, पोट दाखवणार, आणि मी हाक मारली तर शेपटीचं फक्त टोक हलवणार. अमेरिकेतल्या एरिका फॉयरबाकर आणि क्लाइव्ह विन या दोघांनी हेच तपासलं. ओळखीच्या जागी कुत्र्यांनी परक्या माणसाकडून लाड करून घेण्यात जास्त वेळ घालवला. अनोळखी जागी मात्र ती मालकाला चिकटून राहिली. म्हणजे घरात तिला माझी काळजीच नसते. मी आहेच, भिंती आहेत तशी. त्याच दिवाळीच्या रात्री खाली हजाराची माळ लागली की पाहुण्यांच्या पायांतून, टीपॉयवरचा चिवडा उडवत ती सरळ माझ्याकडे येते आणि माझ्या कुशीत मावत नसताना मावायचा प्रयत्न करते. तिची नखं माझ्या दंडात रुततात. एकदा अशी माळ लागली तेव्हा मी ऑफिसमधून यायची होते. नणंद म्हणाली, ती कुणाच्याच जवळ गेली नाही, दाराच्या पायपुसण्यावर उभी होती, थरथरत, आवाज न करता.

हे नातं जन्माचं वगैरे असतं असंही नाही, ते जमतं. भिंगरी मला गडकरी रंगायतनजवळ सापडली, तलावपाळीच्या कठड्यालगत, भर पावसात एका उभ्या रिक्षाखाली. तेव्हा ती माझ्याकडे बघतही नव्हती, तिचं लक्ष भुर्जीच्या गाडीवर. कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. २०१७ साली त्यांनी एक गोष्ट दाखवली. अनोळखी माणूस पुन्हापुन्हा भेटत राहिला, तर या कुत्र्यांचा त्याच्यावरचा विश्वास खाण्यापेक्षा अंगावरून फिरवलेल्या हातामुळे जास्त बसतो. ज्यांना पोटाची भ्रांत, ज्यांना हात म्हणजे बहुतेकदा दगड, त्यांच्याबद्दल हे आहे. बुडापेस्टच्याच लोकांना २००१ मध्ये आढळलं होतं की निवाऱ्यातली कुत्री तर अगदी थोड्या वेळाच्या तीन भेटींतही नव्या माणसाला आपलं मानायला लागतात. भिंगरीला माझ्या घरात पहिले काही आठवडे शहाणीच म्हणावं लागलं असतं. ताट पुढे ठेवलं तरी मी मागे सरल्याशिवाय खात नसे. पहिल्यांदा तिने उशीचं अस्तर फाडलं, ते मी शिवलं नाही. अजून कपाटात आहे.

मागच्या हिवाळ्यात नागपूरला लग्नाला जायचं होतं. भिंगरीला चरईला आईकडे ठेवलं. बाबा गेल्यापासून आई एकटी असते आणि कुत्र्याच्या केसांचं तिला वावडं, त्यामुळे माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पहिल्या फोनला आई म्हणाली, "अगं, किती गुणी आहे ही! दिवसभर एका कोपऱ्यात बसून असते. आवाज नाही की काही नाही. तूच उगीच तिला नावं ठेवतेस." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवून खिन्न झाले. ओळखीचा वास असावा म्हणून माझी जुनी ओढणी मी तिच्याबरोबर दिली होती. अमेरिकेतल्या ग्रेगरी बर्न्स यांनी कुत्र्यांना एमआरआयच्या यंत्रात स्वस्थ पडून राहायला शिकवून त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली आहेत. माणूस समोर नसताना नुसता त्याचा वास दिला, तरी मेंदूतला सुखाची चाहूल लागल्यावर जागा होणारा भाग सगळ्यात जास्त उजळला, आणि तो आपल्या माणसाच्या वासाला. मी आईला विचारलं, ओढणी दिलीस का? "तिच्यावरच बसलीये," आई म्हणाली.

नंतर लग्नाच्या गडबडीत फोन राहिला. हळदीच्या दिवशी आईचाच आला. मागे भुंकणं चालू होतं, आणि आई माझ्याशी बोलत होती की तिच्याशी, ते कळेना.

"ही बघ, काय करून ठेवलंय हिने! पोळ्यांच्या डब्याचं झाकण उघडलं. माझ्या शालीचा कोपरा चघळला. आणि मी ओरडले तर मलाच उलट भुंकते, समोर उभी राहून! शेजारच्या वहिनी आल्या की मात्र गरीब गाय. माझ्यासमोरच करते गं सगळं ही."

"रागावलीस का?"

"रागावू नको तर काय करू? अगं थांब, थांब, आता उशी... भिंगे! ठेव ती. ठेवते, तू जेवून घे नीट," आई म्हणाली, आणि फोन ठेवायच्या आधीच ती उशी सोडवायला निघून गेली.